घरचा सिनेमा साठवायचा कशावर?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्नही दिले आहेत.)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, कॉम्प्युटरवर बोला, पण लोकांना झोप येईल असं बोलू नका." प्रयत्न करते. विषय मी मुद्दाम घरगुती निवडलाय. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे बऱ्याच घरांत टीव्हीच्या मागे किंवा शेजारी एक छोटासा कॉम्प्युटर आला आहे. कुणाकडे मिठाईच्या पाव किलोच्या खोक्याएवढा मिनी पीसी, कुणाकडे मुलाने हौसेने आणलेला रास्पबेरी पाय. त्यावर कोडीसारखं सॉफ्टवेअर टाकायचं, एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडायची, की आपले सिनेमे, गाणी, नाटकं, लग्नाचे व्हिडिओ, सहलीचे फोटो रिमोटवर चालू. फार छान सोय आहे.

आणि मग लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, मला एकच प्रश्न येतो. "काकू, किती टीबीची डिस्क घेऊ? एसएसडी घेऊ की हार्ड डिस्क? मेमरी कार्डावर भागेल का?"

त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी माझी फजिती सांगते.

मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आयुष्य काढलं. आमच्याकडे रोज रात्री बॅकअपची टेप निघायची आणि सकाळी ती दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत जायची. एक दिवस चुकलेलं चालायचं नाही. आणि घरी काय? दिव्याखाली अंधार! माझे सासरे, ज्यांना तुम्ही सगळे आजोबा म्हणायचात, त्यांची पंचाहत्तरी २००६ साली आपण याच सभागृहात केली होती. आजोबा त्या दिवशी जवळजवळ अर्धा तास बोलले. कोकणातून बोटीने मुंबईला आल्यापासून ते या सोसायटीत पहिल्या दिवशी पाणी नव्हतं तिथपर्यंत. शेवटी नातवंडांना उद्देशून काहीतरी सांगितलं होतं. माझ्या दिरांनी ते मिनी डीव्ही कॅसेटवर घेतलं, कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि कॅसेट महाग म्हणून पुढच्या मुंजीला तीच कॅसेट पुन्हा वापरली. आपण सगळे तेव्हा असंच करायचो. कॉम्प्युटर बदलताना मी ती फाइल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवली. लक्षात घ्या, कॉपी नाही केली, हलवली.

आजोबा २०११ मध्ये गेले. २०१६ च्या दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट पुसताना चालू असलेली ती डिस्क माझ्याच हाताने फरशीवर पडली. जेमतेम दोन फूट उंची. त्यानंतर तिच्यातून फक्त टक, टक, टक असा आवाज यायचा. दुरुस्तीवाल्याने पंचवीस हजार सांगितले आणि वर म्हणाला, "मॅडम, गॅरंटी नाही." पैसे भरले, तरी हाती काही लागलं नाही. मग आठवलं, सांगलीला वन्संकडे तेव्हा एक डीव्हीडी करून पाठवली होती. ती आणली. अकरा मिनिटं चालली आणि अडकली. पुढचा भाग कुठल्याही प्लेयरवर वाचता आला नाही. आज आमच्याकडे आजोबांची ती अकरा मिनिटं आहेत. नातवंडांना शेवटी काय सांगितलं, ते नेमक्या शब्दांत आता कुणालाच आठवत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक काम करा. आपल्याकडे जे काही आहे त्याचे तीन वाटे करा.

पहिला वाटा म्हणजे कॉम्प्युटर चालण्यासाठी लागणारी सिस्टीम. दुसरा वाटा, गेलं तर पुन्हा मिळेल असं: सिनेमे, गाणी, मालिका. तिसरा वाटा, गेलं तर जगात कुठेही मिळणार नाही असं: आपल्या माणसांचे आवाज आणि चेहरे. स्वयंपाकघरात ओटा, फडताळ आणि बँकेतला लॉकर यांची कामं वेगळी असतात ना, तसंच. रोजची कढई आपण लॉकरमध्ये ठेवत नाही आणि मंगळसूत्र ओट्यावर ठेवत नाही.

पहिला वाटा: सिस्टीम

यासाठी छोटी एसएसडी घ्या. १२८ किंवा २५६ जीबी पुरे. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे आवाज नाही, उष्णता कमी, आणि कॉम्प्युटर पटकन सुरू होतो. मिनी पीसीत बहुधा एम-टू नावाची छोटी पट्टी बसते. तिच्यात सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. म्हणून आपल्या मशीनचं माहितीपत्रक दुकानदाराला दाखवूनच घ्या.

रास्पबेरी पाय असेल तर तो मायक्रो एसडी कार्डावर चालतो. तिथेच घोळ होतो. कोडी दिसायला शांत असतं, पण आतून सिनेमांची पोस्टर, याद्या, कुठपर्यंत पाहिलं त्याची नोंद असं सतत काहीतरी लिहीत असतं. कार्डाच्या प्रत्येक कप्प्यात किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. त्यात लिहिता लिहिता वीज गेली, तर सिस्टीम बिघडते आणि सकाळी टीव्हीवर नुसती काळी पाटी. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या पायला यूएसबीवर एसएसडी जोडून त्यावरूनच सुरू करता येतं. पाचव्या पिढीला जोडपट्टी लावून एनव्हीएमईही चालते. कार्डच वापरायचं असेल तर चांगल्या कंपनीचं, जास्त लिखाण सोसणारं घ्या आणि सगळं नीट बसवून झालं की त्याची एक प्रत काढून ठेवा. आणि कुठलंही मशीन असो, कृपा करून भिंतीवरचं बटण दाबून बंद करू नका. आधी रिमोटवरून बंद करा, मग बटण.

दुसरा वाटा: सिनेमे आणि गाणी

इथे लोक उगाच खर्च करतात. "सिनेमा अडकू नये म्हणून दोन टीबीची एसएसडी घेतली," असं एकाने मला अभिमानाने सांगितलं. आपण हिशेब करू.

साधा एचडी सिनेमा चालायला सेकंदाला साधारण एक एमबी लागतो. अगदी भारी, फोर-के ब्लू-रे तबकडीचा कमाल वेग धरला तरी तो १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साधी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी सहज देते. जुन्या यूएसबी २.० ची वायरसुद्धा प्रत्यक्षात ३०-४० एमबी नेते. म्हणजे सिनेमा अडकत असेल तर दोष डिस्कचा नसून बहुधा वायफायचा किंवा प्रोसेसरचा असतो. पाहण्यासाठी हार्ड डिस्क पुरून उरते, आणि तेवढ्याच जागेला एसएसडीपेक्षा पैसे कमी पडतात. क्षमता वाढत जाते तसा हा फरकही वाढत जातो.

किती मोठी घ्यावी? साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. घरात दोनशे डीव्हीडी असतील तर त्या एका टीबीत मावतात. फोनवर फोर-केमध्ये घेतलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी खातो, म्हणजे तासाला दहा ते वीस जीबी. आज जेवढं आहे ते मोजा, त्याची दुप्पट घ्या. फार पुढचा विचार करून आजच आठ टीबी घेऊ नका. आणि एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही, दोन वेगळी मापं आहेत.

छोटी अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. मोठी साडेतीन इंची डिस्क स्वस्त पडते, पण तिला वेगळा अडॅप्टर लागतो आणि बेडरूममध्ये तिची घरघर जाणवते. पायसारख्या बोर्डाला दोन अडीच इंची डिस्क जोडल्या तर विजेचा भार झेपत नाही. त्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. कौलारू छपरात मधलं एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे पुन्हा लिहायला वेळ लागतो. पण सिनेमे आपण एकदा लिहितो आणि शंभरदा पाहतो, म्हणून या कामाला ती चालते.

डिस्क बंद काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, उष्णता बाहेर जाऊ द्या. आणि टीव्ही युनिटच्या कडेला मुळीच नको. चालू डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि वाचणारं हेड यांच्यात फक्त काही नॅनोमीटरची फट असते. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. मग दोन फुटांवरून पडल्यावर काय होतं, ते मी सांगितलंच.

डिस्क फॉरमॅट करताना एफएटी-३२ निवडलं तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यात जात नाही. एक्स-फॅट किंवा एनटीएफएस घ्या. आणि ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तो हमखास खोटा. तो कॉम्प्युटरला दोन टीबी सांगतो, आत असतात ३२ किंवा ६४ जीबी. त्यापुढे भरलेलं सगळं हवेत जातं. आपल्याला कळतं ते सहा महिन्यांनी.

तिसरा वाटा: आपली माणसं

आता मुख्य गोष्ट. इथे कशावर ठेवावं यापेक्षा किती ठिकाणी ठेवावं, हा प्रश्न मोठा आहे.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. पहायला तुडुंब गर्दी झाली होती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, थोडी छायाचित्रं तेवढी उरली आहेत. त्याच्या पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आपल्याला आजही पाहता येतो. दुसरं उदाहरण मुलांच्या आवडीचं. ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना १९९८ मध्ये कुणीतरी चुकून एक आज्ञा दिली आणि कॉम्प्युटरवरचा बराचसा सिनेमा पुसला गेला. बॅकअप काढला, तर तोच नीट होत नव्हता! वाचले ते एका बाईंमुळे. घरी लहान बाळ म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर आपली काय कथा?

म्हणून पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम लक्षात ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर का, ते आपल्या ए विंगच्या तळमजल्याला विचारा. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं, तेव्हा अल्बम आणि कॅसेट एकाच लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात होते. दोन्ही एकदमच गेले.

व्यवहारात हे असं करा. एक प्रत टीव्हीशेजारच्या हार्ड डिस्कवर, रोज पाहायला. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, जी वायर काढून कपाटात ठेवलेली. तिसरी प्रत क्लाउडवर, किंवा डिस्कवर घेऊन मुलीच्या, बहिणीच्या घरी. सणाला जाताना नवी घेऊन जायची, जुनी परत आणायची.

कपाटातली प्रत एसएसडीवर किंवा पेनड्राइव्हवर नको. त्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू गळतो. वापरून जुन्या झालेल्या एसएसडीत लवकर गळतो. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर काळाने विटतो, आपल्या दमट हवेत तर अधिकच. माझ्या अकरा मिनिटांचं तेच झालं. डीव्हीडी असेल तर तिच्यावर विसंबू नका, आजच उतरवून घ्या.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, कपाटातली डिस्क बाहेर काढून जोडायची आणि मधूनमधून चार व्हिडिओ खरंच चालवून बघायचे. न तपासलेला बॅकअप म्हणजे न उघडलेलं पाकीट, आत नोट आहे की कोरा कागद, कुणास ठाऊक. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. हिरवं-निळं असेल तर ठीक, पिवळं झालं की त्याच दिवशी नवी डिस्क आणा. आणि साधारण पाच वर्षांनी, चालू असली तरी, सगळं नव्या डिस्कवर उतरवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

सी विंगमधले एक काका: "दोन डिस्कची पेटी मिळते ना, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप जातं. मग बॅकअप कशाला?"

काका, ती चांगली आहे. एक डिस्क बंद पडली तरी सिनेमा चालू राहतो. पण चुकून पुसलंत तर दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरस आला तर दोन्हीवर. चोर आला तर पेटीच जाते. तो आरसा आहे, बॅकअप नव्हे.

एक वहिनी: "माझं सगळं गूगलवर आहे. चालेल ना?"

तिसरी प्रत म्हणून उत्तम. एकमेव प्रत म्हणून नको. फुकट जागा १५ जीबीच आहे, फोटोंची अमर्याद मोफत सोय जून २०२१ पासून बंद झाली. पासवर्ड फक्त तुम्हालाच माहीत असेल तर तुमच्यामागे मुलांना ते उघडता येणार नाही, याचाही विचार करा.

एक कॉलेजकुमार: "आजी, एवढं सगळं करायला खर्च किती?"

अरे, तू एसएसडीवर सिनेमे ठेवायचे सोडलेस तर वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क येईल. खर्च वाढवायचा नाही, फक्त जागा बदलायची.

शेवटी एक विनंती

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिला गणेशोत्सव, पहिली कोजागिरी, गच्चीवरचं नाटक, हे सगळं कुणाकुणाच्या माळ्यावर कॅसेटमध्ये पडून आहे. त्यातले कितीतरी जण आज नाहीत. माळ्यावर त्या कॅसेटला बुरशी येतेय. आणि त्या वाजवणारी यंत्रंही आता मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं.

माझ्याकडे एक चालू व्हीसीआर आहे आणि दिरांचा मिनी डीव्ही कॅमेराही अजून चालतो. रविवारी सकाळी दहा ते बारा कॅसेट घेऊन या. पांढरी बुरशी दिसली तर घरी यंत्रात घालू नका, यंत्रही खराब होतं. तशीच आणा, आधी स्वच्छ करू. उतरवलेली एक प्रत तुम्हाला, एक सोसायटीच्या ऑफिसात, आणि एक आपल्यापैकी कुणाच्या तरी बाहेरगावच्या घरी ठेवू.

आणि हो, एक स्वार्थ आहे. २००६ च्या त्या कार्यक्रमात पाठीमागे उभं राहून आणखी कुणीतरी शूटिंग करत होतं, असं मला पुसटसं आठवतं. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा उरलेला आवाज असेल, तर दार वाजवायला वेळेचा विचार करू नका. मी जागीच असेन.